कंदीलफुलाचा पाहुणा

ऐकणाऱ्या गृहस्था, आधी एक सांग. दोन माणसे तुझ्या दारात उभी आहेत. एक म्हणतो, 'जे पाहिले तेच आणले, त्यातले सगळे मला कळले असे नाही.' दुसरा म्हणतो, 'पाहिले, त्यातले चुकीचे काढले, चांगले घातले, आणि मग आणले.' यातल्या कोणावर विश्वास ठेवशील? घाई करू नकोस. भलीभली माणसे दुसऱ्याला आत बोलावून पाट मांडतात.

एका राज्यात अरुणध्वज नावाचा राजा राज्य करीत असे. राज्य डोंगरातले. खाली नद्या, वर सडे. सडा म्हणजे काळ्या कातळाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तिथे गवताची काडी दिसायची नाही, आणि श्रावण सरता सरता फुलांतून पाय टाकायला वाट उरायची नाही. त्या फुलांतले एक राजघराण्याचे चिन्ह होते. त्याला कंदीलफूल म्हणत. सुतासारखा बारीक वेल, त्यावर बोटाएवढे फूल: खाली फुगीर पोट, मध्ये अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकांशी जुळून झालेला कंदील. पाकळ्यांमधल्या फटी हीच त्याची दारे.

घराण्याच्या मूळपुरुषाला दर्दुराक्ष नावाच्या जादूगाराने या फुलाचे चित्र काढून दिले होते. 'हे फूल भिंतीवर जिवंत आहे तोवर तुझा वंश गादीवर आहे,' असे बजावले होते. पण रंग म्हटला की विटायचाच. म्हणून रीत पडली. वारस वयात आला की दरबारच्या चिताऱ्याने जुन्या चित्रावरून नवे काढावे, जुने नदीत सोडावे, आणि पट्टाभिषेकाच्या सकाळी वारसाने नव्यावरचा पडदा आपल्या हाताने सारावा.

अरुणध्वजाला एकच लेक, मेखला. ती वयात आली तेव्हा दरबारात जान्हाई नावाची चितारीण होती. तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. तिने डाळिंब रंगवले की पोपट कापडावर चोच आपटीत. तिला मूलबाळ नव्हते. मेखलेला बोट धरून पहिली रेघ तिनेच काढायला शिकवली होती, आणि त्या पोरीवर तिचा जीव होता.

जान्हाईने जुने चित्र समोर मांडले. ते तिच्या गुरूने, मानकोजी चिताऱ्याने काढलेले. फुलाच्या दाराशी तिळाएवढा काळा ठिपका दिसला. भिंग लावून पाहिले, तर माशी. जान्हाईला हसू आवरेना.

हसण्यासारखेच होते म्हणा. नक्कलकाराची खोड सर्वांना ठाऊक असते. मूळ प्रतीवर माशी चिकटून मेली असेल, तर तो बिचारा तीही उतरवतो. माशीच्या जागी माशी. जान्हाईने ताडले, कधीतरी ओल्या रंगात एखादी माशी बसून मेली असणार. पुढच्याने ती रंगवली, त्याच्या पुढच्याने रंगवली, आणि गुरुजींनीही डोळे मिटून रंगवली. तिने ठरवले, गुरूची लाज आपण झाकायची. माशी गाळायची. आणि एवढ्या राजस फुलाच्या दारात पाहुणा हवाच, तर तो शोभेसा हवा. तिने सोन्याचा वर्ख लावून एक फुलपाखरू काढले, असे, की बघणाऱ्याने श्वास हळू घ्यावा.

ही हकीकत तिने दरबारात मीठमसाला लावून सांगितली. प्रधान एवढा हसला की त्याला ठसका लागला. एकटी मेखला हसली नाही.

"पण बाई," ती म्हणाली, "ती नेमकी दारातच का बसली होती?"

"माशीला कारण लागत नाही, बाळ," जान्हाई म्हणाली.

एका सावकाराची गोष्ट सांगतात. त्याने जुनी वखार विकत घेतली. विकणारा म्हणाला, किल्ली फिरवा, मग दाराला खाली एक लाथ घाला, मग पुन्हा फिरवा. सावकार मनात म्हणाला, अडाण्याची रीत, लाथ कशाला? त्याने लाथ वगळली. त्या सालची सगळी हळद आत किडली आणि दार काही उघडले नाही. असो.

पट्टाभिषेकाची सकाळ झाली. जुने चित्र नदीत गेले. चौघडा सुरू झाला. राजा हातात मुकुट घेऊन उभा राहिला. मेखला पुढे झाली आणि तिने पडदा सारला.

चित्रातले फूल वळले.

आधी ते फुलपाखराकडे वळले. आपली एक फट त्याच्या अंगावरून फिरवली, हुंगल्यासारखे केले, आणि सोडून दिले. मग कापडातून बाहेर झुकून ते मेखलेकडे वळले. तिने हात मागे घेतला, तोवर तो बाहुलीच्या हाताएवढा झाला होता. ती लहान झाली, आणखी लहान झाली, आणि श्वास आत जावा तशी त्या फटीतून आत गेली. फूल पुन्हा सरळ झाले.

कोणी ओरडले नाही. ओरडायला आधी कळावे लागते. राजाच्या हातातला मुकुट हवेत तसाच धरलेला राहिला. चौघडा तेवढा वाजत होता, कारण वाजवणाऱ्याची नजर चित्राला खिळली होती आणि हातांना कोणी थांब म्हटले नव्हते. प्रधानाने पुढे होऊन चित्राला बोट लावले. सपाट कापड. बोटाला ओला रंग लागला, एवढेच. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका पाकळीचे टोक तपकिरी पडले.

रंगवलेले फूल सुकू लागले होते. ते पुरते सुकले की आत असलेल्याचे काय होणार, हे विचारायची गरज कोणालाच वाटली नाही.

राजा चितारणीकडे वळला. "जान्हाई, मेखला परत आली नाही, तर मी तुला सुळावर देणार नाही. तुला रोज या चित्रासमोर बसवीन."

 जान्हाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीत एक शिंजीर, फुलांतला मध पिणारा पक्षी, नेहमी येई, निळा, अंगठ्याएवढा. त्या राज्यात पक्षी बोलत. पण ते खरे तेच बोलत, म्हणून त्यांना दरबारात कोणी विचारीत नसे.

शिंजीर म्हणाला, "त्या घरात मी कधी गेलो नाही, बाई. फुलपाखरूही गेले नाही. तू परक्याला जावई म्हणून दारात उभे केलेस."

"मग जावई कोण?"

"ज्याने घर रेखले त्याला विचार. दर्दुराक्ष अजून सड्यावर बसला आहे. मर म्हणून त्याला कोणी सांगितलेले नाही."

जान्हाई सडा चढली. दर्दुराक्ष कंबरेपर्यंत कातळ झाला होता. मांडीवर शेवाळ, दाढीत मधाचे पोळे, डोळे बेडकासारखे वर आलेले. त्याने तिच्याकडे पाहिले आणि एकच विचारले, काय बदललेस? ती म्हणाली, बदलले काही नाही, थोडे सुधारले. त्याने विचारले, काय? ती म्हणाली, एक माशी काढून टाकली.

दर्दुराक्षाने डोळे मिटले. त्याचे डोळे मिटलेले होते तोवर डोंगरातले ओढे वाहायचे थांबले.

"सात राजांचे चितारी होऊन गेले," तो म्हणाला. "त्यांत एक चोर होता. एक दारुडा होता. एकाला हिरवा रंगच दिसत नसे. पण माशी कोणी काढली नव्हती."

"ती खरी होती?"

"त्या फुलाची सोयरीकच तिच्याशी. तिच्यावाचून त्याला फळ नाही. त्या दारातून दुसरे कोणी आत जात नाही, आणि गेले तर बाहेर येत नाही."

 जान्हाई म्हणाली, आत्ता जाते आणि माशी रंगवते. तो म्हणाला, रंगव की. कशी होती सांग. पाय कसे टेकले होते? पंख मिटले होते की उघडे? तोंडाशी काय होते?  जान्हाईने माशी पाहिली होती खरी, पण हसण्यापुरती.

तेव्हा दर्दुराक्षाने तिला तीन कामे सांगितली. दलदलीपलीकडची काळी माती आण, आणि जाताना लंगड्या बगळ्याच्या पावलावर पाऊल टाक. मग शापित खजिन्याच्या गुहेत जा, माझा निरोप जसाच्या तसा सांग, आणि मिळेल तो कुंचला घे. तिसरे काम ही दोन झाल्यावर.

दलदलीत बगळ्याची पावले स्पष्ट उमटली होती. एक खोल, एक उथळ, मध्ये उगाच एक गिरकी. जान्हाई लंगडत लंगडत पावलावर पाऊल टाकीत गेली. गिरकीपाशी मात्र तिला वाटले, ही कशाला? ती सरळ गेली. पायाखालचा चिखल आ करून उघडला. ती मागे पडली म्हणून वाचली, पण तिची सावली पुढे पडली होती, ती चिखलाने गुडघ्यापर्यंत खाल्ली. जान्हाईने आपल्या आखूड सावलीकडे पाहिले.  मग तिने निमूटपणे गिरकी घेतली, पलीकडे गेली आणि मूठभर माती पदरात बांधली.

गुहेचे दार उघडेच होते. आत मोहरांचा ढीग, आणि ढिगापुढे फणा काढून बसलेला भलाथोरला नाग. जवळ जाऊन पाहते तो प्रत्येक मोहरेवर एकेक चेहरा, आणि ते चेहरे डोळे मिचकावीत होते. तिथे चुकणाऱ्यांचे असे होत असे. निरोप आठवून जान्हाईला घाम फुटला. काय पण निरोप! एवढ्या मोठ्या नागाला असे कोण बोलेल? 'नागराज' म्हणावे, हात जोडावे, असे अगदी जिभेवर आले. तिने जीभ चावली आणि दिलेला निरोप दिला तसा सांगितला.

"शेपटीताई, तुमचे तोंड आज कुठे आहे?"

समोरचा फणा लाजल्यासारखा मिटला. ती शेपटीच होती. खरे तोंड छतावरून, जान्हाईच्या मानेच्या अगदी मागे लोंबत होते, आणि ते इतका वेळ तिथेच होते.

"शेपटीला नागराज म्हणणारे पुष्कळ येतात," ते तोंड तिच्या कानाशी म्हणाले. "त्यांना मी ढिगात ठेवतो." आणि त्याने हिरेमाणकांचे कुंचले बाजूला सारून, एकाच केसाचा, बोरूच्या काडीचा एक कुंचला तिच्या हातावर टाकला. जान्हाई तो मुठीत धरून गुहेबाहेर आली.

दर्दुराक्ष म्हणाला, "आता तिसरे. पाहुणी हो. ती माती चित्रासमोर जिभेवर ठेव. आत जा. कोणी सांगितलेले नको, आठवलेले नको. आत काय होते ते पाहून ये."

जान्हाई राजवाड्यात पोचली तेव्हा चित्रातला कंदील पार करपला होता. नळी आणि पोट तेवढे हिरवे होते. राजा तिथेच बसून होता. मुकुट त्याच्या मांडीवर होता.  कुंचला आणि मातीची पुरचुंडी तिने अभिषेकाच्या ताटाशी ठेवली, आणि चिमूटभर माती जिभेवर घातली.

आपण निदान भुंगा तरी होऊ, असे तिला वाटले होते. ती चिलटाएवढी माशी झाली. दरबारची नामांकित चितारीण पाहता पाहता नाहीशी झाली आणि तिच्या जागी काहीतरी गुणगुणू लागले. ते प्रधानाच्या नाकावरून गेले. प्रधान आधीच घाबरलेला. सवयीने त्याचा पंख्याचा हात उठला आणि फटकारा बसला.

"हात खाली," राजा म्हणाला.

जान्हाईचा डावा पंख फाटला होता. ती गिरक्या खात चित्रापर्यंत गेली. आंबूस गोड वास आला. आपल्या हाताने हे फूल रंगवले, आणि त्याला वास असतो हे तिला ठाऊकच नव्हते. ती फटीत बसली, पाय निसटला, आणि ती नळीतून खाली घसरली. नळीभर केस होते, सगळ्यांची टोके खाली. उतरणाऱ्याला गालिचा, चढणाऱ्याला काटे.

तळाशी मेखला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वासराएवढी माशी समोर पडलेली पाहून ती भिंतीला चिकटली.

"मेखले, मी आहे."

"बाई?" मेखलेने पाय मोजले. "बाई, तुम्हाला सहा पाय आहेत."

"दिसतात मला. तू बरी आहेस ना?"

मेखला बरी होती. तिने सांगितले की फूल दुष्ट नाही. भिंतींना खाली पांढुरक्या खिडक्या आहेत, त्यांतून उजेड येतो. मधाचे थेंबही आहेत, पण ते बारीक चिरेत इतके आत, की तिच्या तोंडाला पोचत नाहीत. फूल मधूनमधून तिचा चेहरा चाचपते आणि सोडून देते. "त्याला माझ्याकडून काहीतरी हवे आहे, बाई, आणि ते माझ्याकडे नाही."

जान्हाईला आता सोंड होती. तिने ती मधाच्या चिरेत घातली. गोडवा तोंडात आला, तोच चिमट्यासारखे काहीतरी सोंडेवर बसले. परागाचा पिवळा कण. काही केल्या निघेना. आणि वर नळीतला एक केस मऊ पडला. मग दुसरा. मग सगळे, कापलेल्या गवतासारखे. वाट मोकळी झाली.

जान्हाईला एकदम कळले. हा तुरुंग नव्हता. हा पाहुणचार होता. पाहुणीने शिदोरी घेतल्याशिवाय यजमान दार उघडीत नव्हता. ही माशी तिने गाळली होती, आणि वर गुरूला हसली होती.

"माझा पाय धर," ती म्हणाली.

मेखला बाहेर पडली ती पुरी उंची घेऊनच गालिच्यावर आदळली. राजाने तिला उचलले. त्याला रडू येईना, हसूही येईना. पण जान्हाई माशीच राहिली. आणि फूल सुकायचे थांबले नव्हते. नळी करपत खाली चालली होती.

"ते पुन्हा कोणाला तरी घेईल," मेखला म्हणाली. "त्याची पाहुणी चित्रात नाही."

तिने एका केसाचा कुंचला उचलला. काळी माती पाण्यात कालवली. जान्हाई फुलाच्या दाराशी जाऊन बसली आणि हलायची थांबली. मेखलेने पहिला पाय रेखला, आणि सोन्याच्या फुलपाखराचा वर्ख सोलून खाली पडू लागला. सहा पाय झाले. पोट झाले. मग पंखांची वेळ आली, आणि माशी जराशी वळली. फाटका पंख मागे, धडका पुढे. कसलेला चितारी बसवतो तशी छान बैठक.

मेखलेचा हात थांबला. "बाई, होतात तशा बसा."

माशी बसून राहिली.

"फाटका आहे तर फाटकाच काढणार. नाहीतर मी कुंचला ठेवते."

नळी संपत आली होती. सगळा दरबार एका माशीकडे श्वास रोखून पाहत होता. जान्हाईने आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रे सुधारली होती. चित्र होऊन बसणे तिने कधी अनुभवले नव्हते. ती हळूहळू सरळ झाली. मेखलेने फाटका पंख फाटका रेखला, चिरेसकट. उरला तोंडावरचा पिवळा कण. त्यासाठी तिने ताटातल्या हळदीला कुंचल्याचे टोक लावले आणि ते चित्रातल्या माशीच्या सोंडेवर टेकवले.

जान्हाईच्या नाकात, म्हणजे माशीला नाक असेल तिथे, हुळहुळले.

माशी शिंकली.

पडदे उडाले. प्रधानाची पगडी राजाच्या पायाशी गेली. सोंडेवरचा पिवळा कण सुटून फुलात गेला. करपलेल्या पाकळ्या गळून चित्राच्या खालच्या काठाशी पडल्या, आणि फुलाच्या जागी बैलाच्या शिंगांसारख्या दोन हिरव्या शेंगा उभ्या राहिल्या. फळलेले फूल मरत नाही. खाली गालिच्यावर जान्हाई बसली होती, माणसासारखी माणूस, फक्त चोळीची डावी बाही फाटलेली.

 मग अरुणध्वजाने लेकीच्या डोक्यावर मुकुट ठेवला. तो जरा वाकडा बसला. जान्हाई सवयीने पुढे झाली, थांबली आणि मागे सरली. तो वाकडाच राहिला, आणि राणी मेखला राज्य करू लागली.

त्या वर्षी सड्यावर कंदीलफुलांना शेंगा लागल्या. आपल्याकडे काम फसले की लोक विचारतात, कुठे माशी शिंकली? त्या राज्यात काम फत्ते झाले की तसे म्हणतात. तिकडचा कोणी व्यापारी सौदा जुळल्यावर "शिंकली बुवा माशी" म्हणाला, तर दचकू नकोस. पान पुढे कर.

आणि गृहस्था, एक विनंती. हिशेब प्रामाणिक ठेव. आधीच्याने मांडलेला एखादा बारीकसा ठिपका तुला कळला नाही, तर शेजारी लिही, 'कळला नाही'. पण खोडू नकोस.